झाडं आवाज अडवतात की आवाजाचा त्रास कमी करतात? पुण्यातला जंगली महाराज रस्ता आणि संभाजी उद्यान : प्रकल्प नोंदी

या नोंदींत पद्धत, निर्णय आणि अडचणी आहेत. मोजमापांचे तक्ते वेगळ्या वहीत ठेवले आहेत. फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय त्यातले आकडे बाहेर द्यायचे नाहीत, असं ठरलं आहे.

१४ जानेवारी : प्रश्न नक्की करणे

‘रस्त्याकडेला झाडं लावा, आवाज कमी होईल’ हे वाक्य रस्ते-सुशोभीकरणाच्या आराखड्यांत सर्रास असतं. डेसिबलच्या हिशोबात ते फारसं टिकत नाही. आयएसओ ९६१३-२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १९९६ च्या आवृत्तीत गर्द पालवीमुळे होणारी घट दिली आहे. आवाजाच्या वाटेत १० ते २० मीटर पालवी असेल तर ६३ आणि १२५ हर्ट्‌झला काहीच घट नाही, २५० ते २००० हर्ट्‌झपर्यंत एकूण १ डेसिबल, ४००० ला २ आणि ८००० ला ३. २० ते २०० मीटरसाठी १००० हर्ट्‌झला दर मीटरमागे ०.०६ डेसिबल धरतात. म्हणजे ३० मीटर झाडीतून १.८. यात ‘गर्द’ म्हणजे पलीकडचं काहीही दिसणार नाही इतकी दाट पालवी. पदपथावरची झाडांची एकेरी रांग त्यात बसतच नाही. पालवी पाच-सहा मीटर वर असते, आणि टायर-इंजिनचा आवाज तिच्याखालून सरळ कानापर्यंत येतो.

तरीही झाडीतल्या रस्त्यावर त्रास कमी वाटतो, आणि तो भास म्हणून सोडून देता येत नाही. बेल्जियममधल्या गेन्ट शहरात वर्तुळाकार रस्त्यालगतच्या रहिवाशांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवाणखान्याच्या खिडकीतून झाडी दिसत नाही म्हणणाऱ्यांत किमान मध्यम त्रास असण्याची शक्यता ३४ टक्के निघाली, आणि झाडी भरपूर दिसते म्हणणाऱ्यांत ८ टक्के. रस्त्याकडच्या भिंतीवर दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून पातळीचा मध्यक ७३ डेसिबल होता, म्हणजे आवाज दणदणीतच होता.

म्हणून प्रकल्पाचे दोन रकाने : मीटर काय सांगतो, माणूस काय सांगतो. दोन्ही एकाच बिंदूवर, एकाच वेळी.

२० जानेवारी : बिंदू

रस्ता एकेरी, पदपथ रुंद, झाडं मोठी. उद्यानाची एक बाजू रस्त्याला लागून आहे, मागच्या बाजूला मुठा नदी आणि मेट्रोचा मार्ग. एकाच वाहतुकीवर झाडी असलेला आणि उघडा असे दोन्ही टप्पे मिळतात, म्हणून ही जागा घेतली.

सगळ्यात मोठा धोका अंतराचा. सलग वाहणारा रस्ता हा रेषास्रोत आहे, म्हणजे आवाज एका ठिपक्यातून नाही, लांब रेषेतून येतो. अंतर दुप्पट झालं की पातळी ३ डेसिबलने उतरते. रस्त्यापासून १० मीटरवरून ४० मीटरवर आत गेलं की नुसत्या अंतराने ६ डेसिबल जातात, मध्ये एकही झाड नसलं तरी. बागेत आत गेल्यावर ‘झाडांनी आवाज किती कमी केला’ म्हणतात, त्यातला बहुतेक वाटा अंतराचा असतो.

म्हणून बिंदू जोड्यांत घेतले. प्रत्येक हिरव्या बिंदूला एक उघडा जोडीदार : कडेच्या मार्गिकेच्या मध्यरेषेपासून तेवढंच अंतर, पायाखाली शक्यतो तोच पृष्ठभाग, सिग्नलपासून सारखंच लांब. सिग्नलजवळ थांबणं-सुटणं-गिअर यांचा आवाज वेगळा असतो, म्हणून चौकाजवळचे बिंदू वगळले. जोडीतल्या समतुल्य पातळ्यांत (त्या वेळेतल्या आवाजाची ऊर्जेने काढलेली सरासरी) १ डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर त्या वेळची जोडी तुलनेत धरायची नाही.

उद्यानाच्या मागच्या बाजूच्या बिंदूंवर मेट्रो गेली की पातळी थोडा वेळ वर जाते. त्या सेकंदांना खूण करायची, पुसायचं नाही. ऐकणाऱ्याने तो आवाज ऐकलेलाच असतो.

२८ जानेवारी : उपकरणं

ध्वनिपातळी मीटर आयईसी ६१६७२-१ या मानकाप्रमाणे वर्ग १, म्हणजे जास्त अचूक. वर्ग २ पाहणीला चालतो, पण १ डेसिबलच्या अटीवर जोड्या जुळवायच्या असतील तर त्याची सहनमर्यादाच अपुरी पडते. मोबाइलवरची अ‍ॅप या कामासाठी बाद : फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी जुळवलेला असतो, मोठा आवाज तो आपोआप दाबतो.

मायक्रोफोन जमिनीपासून १.५ मीटरवर, ट्रायपॉडवर. भिंत, जाहिरात फलक, थांबलेली बस यांच्यापासून ३.५ मीटर तरी दूर. झाडाला मीटर बांधायचा नाही, खिळा तर नाहीच. नोंद घेणाऱ्याने केबल लावून २ मीटर मागे उभं राहायचं. शेजारी उभं राहिलं तर शरीरावरून परावर्तन येतं आणि जाणारा माणूस हमखास ‘काय चाललंय?’ विचारतो. तो प्रश्न मग ध्वनिमुद्रणात.

कॅलिब्रेटर (ठरलेल्या पातळीचा सूर देणारं उपकरण) १००० हर्ट्‌झ, ९४ डेसिबल. सत्राआधी आणि सत्रानंतर लावायचा. दोन वाचनांत ०.५ डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर सत्र बाद. वाचन कमी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्ध्या इंची मायक्रोफोनची अडॅप्टर-रिंग नीट न बसणं. बारीक फट राहिली तरी दाब गळतो. एसी गाडीतून मायक्रोफोन थेट बाहेर काढला तर पडद्यावर दव धरतं, पंधरा मिनिटं थांबायचं.

वाऱ्यासाठी ९० मिलिमीटरची स्पंजची टोपी. उन्हाने स्पंज भुसभुशीत झाला की त्याची पूड जाळीत बसते, म्हणून जुनी टोपी सरळ फेकून द्यायची. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की काम बंद. रस्ता ओला असेल तरीही बंद, कारण ओल्या डांबरावर टायरचा वरच्या वारंवारितेचा सळसळाट वाढतो आणि कोरड्या दिवसाशी तुलना उरत नाही.

मीटरवर ए-भारित (माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे जुळवलेली), दर सेकंदाची नोंद, सोबत एक-तृतीयांश ऑक्टेव्ह, म्हणजे वारंवारितेचे अरुंद पट्टे. ध्वनिमुद्रकावर ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. आपोआप गेन, लिमिटर आणि लो-कट तिन्ही बंद. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला कॅलिब्रेटरचा सूर मुद्रित करायचा आणि त्यानंतर गेनच्या बटणाला चिकटपट्टी. मीटर, मुद्रक आणि कॅमेरा यांची घड्याळं जुळवायला सुरुवातीला एक टाळी.

६ फेब्रुवारी : हॉर्नचा हिशोब

समतुल्य पातळी एकटी वापरली तर हॉर्न सगळं गिळतो. हिशोब असा : १० मिनिटांपैकी ५९० सेकंद ६५ डेसिबल आणि फक्त १० सेकंद ८५ डेसिबलचे हॉर्न. ऊर्जेने सरासरी काढली तर ६९.२ येते. दहा सेकंदांनी चार डेसिबलहून जास्त चढवले. एल-९०, म्हणजे ९० टक्के वेळ ओलांडली जाणारी पातळी, ६५ च राहते.

जोडीतल्या एका बिंदूवर रिक्षावाल्याने दोनदा जास्त हॉर्न दिला एवढ्यावर जोडी तुटू नये म्हणून तीन आकडे सोबत ठेवायचे : समतुल्य पातळी, एल-१० आणि एल-९०. हॉर्नची संख्या ध्वनिमुद्रण ऐकून हाताने मोजायची. आपल्याकडे हे अनिवार्य आहे, कारण त्रासाचं मोठं कारण सरासरी पातळी नसून अचानक फुटणारा हॉर्न असतो. युरोपातले निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत, त्याचं हेच कारण. गेन्टच्या रस्त्यावर आवाज सलग असतो, इथे तो टोचत येतो.

१८ फेब्रुवारी : हिरवाई मोजणे

उपग्रहाचा एनडीव्हीआय, म्हणजे लाल आणि अवरक्त प्रकाशावरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक, सहज मिळतो. सेन्टिनेल-२ चे लाल आणि अवरक्त पट्टे १० मीटरच्या चौकटीत असतात. पण तो झाडाचा माथा बघतो, आणि माणूस पदपथावरून बघतो. दाट छत्रीखालचा सिमेंटचा पदपथ एनडीव्हीआयला हिरवागार दिसतो, आणि उंच भिंतीवर चढलेली वेल त्याला दिसतच नाही.

म्हणून डोळ्याच्या पातळीवरचे फोटो : १.६ मीटर उंची, ६० अंशांच्या अंतराने सहा दिशा, एक्स्पोजर कुलूपबंद. ओपनसीव्ही या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगछटा ३५ ते ८५, संपृक्तता आणि उजेड ४० च्या वर, एवढे पिक्सेल हिरवे धरायचे. टक्केवारी म्हणजे हिरवा-दृश्य निर्देशांक.

यात काय फसतं ते नीट लिहून ठेवतो. बांधकामावरची हिरवी जाळी झाड म्हणून मोजली जाते. दुकानाची हिरवी पाटी आणि हिरवा रंगवलेला कठडाही. उलट वडाच्या पोटातली सावलीतली पानं फोटोत काळी पडतात आणि मोजणीतून सुटतात. पर्जन्यवृक्ष या दिवसांत पानगळीला लागतो, पुढे गुलमोहर लाल आणि सोनमोहर पिवळा फुलतो. माणसाला ते सगळं झाडच वाटतं, संगणकाला नाही. पर्जन्यवृक्षाची आणखी एक खोड : संध्याकाळी आणि पावसाळी ढगात त्याच्या पर्णिका मिटतात. त्याच झाडाचा सकाळचा आणि साडेसहाचा निर्देशांक वेगळा येतो. म्हणून फोटो सकाळी ९ ते ११ मध्येच, आणि रंगावर विसंबलेला आकडा फक्त प्राथमिक. अंतिम आकडा दृश्यविभाजन करणाऱ्या (फोटोतलं झाड, आकाश, इमारत वेगळं ओळखणाऱ्या) मॉडेलने काढायचा आणि दर दहा फोटोंमागे एक हाताने आखून तपासायचा.

४ मार्च : प्रश्नावली

चौकट आयएसओ १२९१३ या मानकाची. पहिल्या भागात, २०१४ मध्ये, साउंडस्केपची (जागेच्या ध्वनिवातावरणाची) व्याख्याच माणसाच्या अनुभवावर आधारली आहे. दुसऱ्या भागातल्या (२०१८) ‘अ’ पद्धतीप्रमाणे आधी चार स्रोत : वाहतूक, इतर यंत्रं-बांधकाम, माणसं, निसर्ग. प्रत्येक किती ऐकू येतो, पाच पायऱ्यांवर. मग आठ गुण : सुखद, त्रासदायक, निवांत, गोंधळाचा, चैतन्याचा, एकसुरी, घडामोडींचा, घडामोड नसलेला.

तिसऱ्या भागाप्रमाणे (२०१९) सुखदतेचा अक्ष असा निघतो : (सुखद − त्रासदायक) + ०.७०७ × (निवांत − गोंधळाचा) + ०.७०७ × (चैतन्याचा − एकसुरी), आणि येईल त्याला ९.६५७ ने भागायचं. म्हणजे उत्तर −१ ते +१ मध्ये राहतं. उदाहरण : कोणी सुखद ४, त्रासदायक २, निवांत ३, गोंधळाचा २, चैतन्याचा ३, एकसुरी २ दिले तर ३.४१४ भागिले ९.६५७, म्हणजे ०.३५.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. आधी आवाज, मग जागा, झाडांचा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या पानावर. सहभागींना ‘शहरातल्या जागांचा अभ्यास’ एवढंच सांगायचं. ‘हिरवाई’, ‘प्रदूषण’, ‘गोंगाट’ हे शब्द आमंत्रणात नकोत, पहिल्या पानावरही नकोत. झाडांबद्दल आहे म्हटलं की माणूस झाडांच्या बाजूने उत्तर देतो, चांगुलपणाने.

‘किती मोठा आवाज’ आणि ‘किती त्रास’ हे दोन वेगळे प्रश्न ठेवले आहेत. का, ते २५ मार्चच्या नोंदीत. आवाजाबद्दलच्या संवेदनशीलतेसाठी वाइनस्टाइनच्या १९७८ च्या मापिकेचं लहान रूप शेवटी जोडलं.

१२ मार्च : ध्वनिफेरी

ध्वनिफेरी म्हणजे ठरलेल्या बिंदूंवर थांबून ऐकत केलेली फेरी. त्यासाठी आयएसओ १२९१३ ची शिफारस किमान २० सहभागींची. एकदम वीस माणसं पदपथावर उभी केली तर तीच गर्दी होते आणि वाहनं मंदावतात. पाच-पाचचे गट करायचे, अर्ध्या गटांनी फेरी उलट दिशेने करायची. प्रत्येक बिंदूवर ३ मिनिटं गप्प उभं राहून ऐकायचं, रस्त्याकडे तोंड करून, मग लिहायचं. फोन विमान-मोडवर. बिंदूंमध्ये चालताना बोलायला हरकत नाही, पण जागेवर मत द्यायचं नाही.

वेळ सकाळी ७:३० आणि संध्याकाळी ६. दुपार नको : उन्हाचा त्रास आवाजाच्या खात्यात जमा होतो आणि सावली हा हिरव्या बिंदूचा वेगळाच फायदा ठरतो. तापमान तरीही नोंदवायचंच.

२५ मार्च : रस्ता दिसावा की झाकावा

झाडीचा परिणाम सरळ नाही आणि आराखड्यात सगळ्यात जास्त गफलत इथे होते.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये डोनाल्ड एलर आणि लॉरेन्स मार्क्स यांनी वेगवेगळ्या अडथळ्यांमागून येणारा आवाज लोकांना ऐकवला. स्रोत अर्धवट दिसत होता तेव्हा अडथळ्याने आवाज कमी केल्यासारखा वाटला. स्रोत पूर्ण झाकला तेव्हा मोजमाप तेवढंच असूनही तो मोठा वाटला. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये वॉट्स आणि सहकाऱ्यांनी झाडीच्या बाबतीत तसंच नोंदवलं : रस्ता जिथे सर्वांत जास्त झाकलेला होता तिथे लोकांनी तोच आवाज अधिक जाणवत असल्याचं सांगितलं. कारण अपेक्षेचं आहे. दाट भिंत समोर दिसली की मन धरून चालतं की आवाज अडायला हवा. तो तसाच येतो आणि खटकतो.

मग गेन्टचं काय? तिथला प्रश्न वेगळा होता. एलर-मार्क्सनी त्या क्षणी आवाज किती मोठा वाटतो ते विचारलं, गेन्टमध्ये घरात राहताना होणारा त्रास विचारला. खिडकीतून झाडी दिसणाऱ्याला नजर विसावायला जागा असते, लक्ष वाहतुकीवरून सुटतं आणि पाखरांकडे जातं. आवाजाचा मोठेपणा तोच राहून त्रास कमी होऊ शकतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात, म्हणूनच प्रश्नावलीत दोन रांगा.

आमचं मत असं की लक्ष्य रस्ता लपवणं हे नसावं. दृश्याचा मोठा भाग हिरवा असावा आणि आवाज कुठून येतोय हे डोळ्याला कळत राहावं. उद्यानाच्या कडेला याची चाचणी होते : एक टप्पा उंच दाट कुंपणाचा, एक बुटक्या कुंपणाचा, एक नुसत्या जाळीचा.

८ एप्रिल : पाखरं, पिंपळ, पाणी

कोकीळ सुरू झाला आहे. सकाळच्या मुद्रणात त्याची तान १ ते २ किलोहर्ट्‌झच्या आसपास चढत जाते आणि वाहतुकीच्या वर स्पष्ट उभी राहते. तांबटाची ठोक-ठोक त्याहून खाली. दोन्ही आवाजांनी मीटरचा आकडा वाढतो आणि सुखदतेचा अक्षही वर जायला हवा. दोन रकाने का हवेत, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

पण सगळीच पाखरं कामाची नाहीत. संध्याकाळी साळुंक्यांचा आणि कावळ्यांचा थवा एकाच झाडावर उतरला की तिथला कल्लोळ ‘गोंधळाचा’ खात्यात जातो. संध्याकाळच्या फेरीत रातथाऱ्याची (पाखरं रात्री मुक्कामाला येतात ती) झाडं नकाशावर खुणेने दाखवायची.

पिंपळ थोड्याशा वाऱ्यातही वाजतो. देठ लांब, पान सैल, पानावर पान आपटतं. वडाचं जाड पान तसं वाजत नाही. पानांचा आवाज वरच्या पट्ट्यांत असतो, तो बसच्या घरघरीला झाकू शकत नाही, पण दुचाकींच्या वरच्या सुरांवर थोडं पांघरूण घालतो.

पाण्याचंही तेच. स्टॉकहोममधल्या मारियाटोर्गेट बागेतल्या कारंज्याचा अभ्यास २०१० मध्ये झाला. कारंज्याभोवती २० ते ३० मीटरच्या पट्ट्यात पाण्याचा आवाज वाहतुकीएवढा किंवा जास्त मोठा ठरला, पण वाहतुकीचा खालच्या वारंवारितेचा भाग झाकणं अवघड गेलं. कारंजं लावायचंच तर पाण्याची पातळी वाहतुकीच्या पातळीपेक्षा ३ डेसिबलहून जास्त खाली नसावी. आणि पंप उघड्यावर ठेवला तर त्याची घुंई पाण्याच्या आधी ऐकू येते.

२२ एप्रिल : खोलीतली ऐकण्याची चाचणी

रस्त्यावर एकाच वेळी दहा गोष्टी बदलतात. खोलीत एकच बदलायची. तोच ३० सेकंदांचा आवाज, ६५ डेसिबलवर, तीन दृश्यांबरोबर : उघडा रस्ता, रस्ता दिसणारी झाडी, रस्ता झाकणारी झाडी. क्रम लॅटिन चौकटीने फिरवायचा, म्हणजे प्रत्येक दृश्य प्रत्येक क्रमांकावर सारख्याच वेळा येतं.

आवाजात हॉर्न आहे आणि पडद्यावर वाहन दिसत नाही, असं झालं की ऐकणारा प्रयोग ओळखतो. चाचणीसाठी हॉर्न नसलेले तुकडे वेगळे कापले. हेडफोनची पातळी फाइलच्या सुरुवातीच्या कॅलिब्रेटर-सुरावरून लावायची, कानाला बरं वाटेल त्यावरून नाही. खोलीतला पंखा बंद, एसी बंद, चाचणी वीस मिनिटांत आटोपायची.

६ मे : घरांची पाहणी

झाडीची बाजू महाग असते. तिथे राहणाऱ्याचं उत्पन्न, खिडक्यांचा दर्जा, घरातला एसी सगळंच वेगळं. म्हणून वेगवेगळ्या वस्त्यांची तुलना करायची नाही. एकाच इमारतीत, रस्त्याच्या एकाच बाजूला, मजल्यांची तुलना : दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यासमोर पालवी येते, सहाव्याच्या वर नजर पालवीवरून थेट रस्त्यावर जाते. प्रत्येक मजल्यावर खिडकीबाहेरची पातळी मोजायचीच, गृहीत धरायची नाही.

प्रश्न आयएसओ १५६६६ प्रमाणे : गेल्या बारा महिन्यांत, घरी असताना, ० ते १० वर किती त्रास. बारा महिन्यांहून कमी राहिलेल्यांना वगळायचं. फोटो बाल्कनीतून नको, माणूस रोज जिथे बसतो त्या सोफ्यावरून घ्यायचा. ग्रिलमधल्या कुंड्या वेगळ्या मोजायच्या. खिडकी दिवसा उघडी की बंद, हा प्रश्न विसरला तर बाकीच्या उत्तरांना अर्थ नाही. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या ब्रशपट्ट्या झिजलेल्या असतील तर तेही लिहायचं.

२० मे : उद्यानाच्या कडेसाठी प्राथमिक सूचना

कुंपण १.२ मीटर उंचीचं, दाट : कामिनी, जास्वंद, मेंदी. बाकावर बसलेल्याची नजर साधारण तेवढ्याच उंचीवर असते, त्याला समोर हिरवं दिसतं. उभ्या माणसाला रस्ता दिसत राहतो. डोक्याएवढं बंद कुंपण नको. आवाजात फरक नगण्य, पदपथ मात्र आडोशाचा होतो आणि संध्याकाळी बायका तिथून जाणं टाळतात.

आवाज खरंच अडवायचा असेल तर मार्गिकेला चिकटून १ मीटर उंचीची भरीव भिंत, दोन्ही बाजूंनी माती आणि झुडपं. युरोपातल्या होसॅना प्रकल्पाने (२००९–२०१३) अशा बुटक्या भिंतींवर काम केलं. इथली अडचण म्हणजे पार्किंग आणि वाटांसाठी ठेवलेल्या फटी. प्रत्येक फट आवाजाला दार उघडते, त्यामुळे ही सूचना फक्त सलग ५० मीटर मिळतील तिथे.

पेव्हर ब्लॉक उचलून बुंध्याभोवती किमान १ मीटर मोकळी माती. झाडाला पाणी मिळतं, आणि भुसभुशीत जमीन काहीशे हर्ट्‌झच्या पट्ट्यात आवाज खाते. तो पट्टा पालवीच्या आवाक्यात फारसा येत नाही.

अहवालात ठळक लिहायचं : २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागाची मर्यादा दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबल आणि निवासी भागाची ५५ आणि ४५ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची युरोपसाठीची २०१८ ची शिफारस रस्त्याच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३, रात्री ४५. झोपमोड आणि हृदयावरचा ताण खिडकीतलं झाड बघून थांबत नाही. आमचे निष्कर्ष दाखवून कोणी मर्यादा ओलांडायची सवलत मागितली तर ती देऊ नये.

पुढची फेरी ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर आणि दिवाळीआधी. त्याच जोड्या, तीच उंची, तेच फोटो-कोन, पानं भरलेली. रस्त्याचं काम चालू असेल तर बिंदू हलवायचा नाही, तारीख हलवायची.